घाट उतरल्यावर फुगणारे बफर : एका व्हेइकल ट्रॅकिंग सर्व्हरचे प्रकरण

पार्श्वभूमी

बस, टॅक्सी आणि शाळेच्या गाड्यांवर बसवलेल्या ट्रॅकिंग यंत्रांचे संदेश घ्यायचे, तपासायचे आणि नकाशावर व नियंत्रण कक्षात पोचवायचे, हे या प्रकरणातल्या कंपनीचे काम. कंपनी, ग्राहक आणि माणसे ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत. गाड्या महाराष्ट्रातल्या आणि त्यांतल्या बऱ्याच रात्री घाट उतरून कोकणात जाणाऱ्या, एवढे मात्र सांगायला हवे, कारण दुखण्याचे मूळ तिथे होते.

ही यंत्रे एआयएस-१४० या वाहन उद्योगाच्या मानकाप्रमाणे बनतात. मानक पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेले. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक सेवा वाहनांना असे यंत्र आणि त्यासोबत आणीबाणीचे बटण बंधनकारक झाले. यंत्रात सिमकार्ड असते. ठरावीक सेकंदांनी ते सर्व्हरला एक ओळ पाठवते: डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी, ताऱ्याच्या चिन्हाने संपणारी, मध्ये स्वल्पविरामांनी तोडलेली माहिती. आयएमईआय (यंत्राचा ओळख क्रमांक), गाडीचा नंबर, वेळ, अक्षांश-रेखांश, वेग, शेवटी चेकसम (ओळ वाटेत बिघडली का ते तपासायचा आकडा). सगळे मिळून दोन-अडीचशे बाइट. रेंज गेली की यंत्र नोंदी स्वतःच्या मेमरीत साठवते आणि रेंज आली की पाठवून देते. ताज्या नोंदीवर ‘एल’ अक्षर असते, साठवलेल्या नोंदीवर ‘एच’. किमान ४०,००० नोंदी साठवता आल्या पाहिजेत, असे मानक सांगते.

सर्व्हर गो भाषेत लिहिलेला होता. प्रत्येक कनेक्शनला एक गोरूटीन, म्हणजे प्रोग्रॅममध्येच समांतर चालणारे एक हलके काम. संदेश आला की गोरूटीन सामाईक पूलमधून (पुन्हा वापरायच्या बफरांच्या साठ्यातून) एक बफर, म्हणजे संदेश तात्पुरते ठेवायची मेमरीतली जागा, उचलणार, त्यात वाचत राहणार, दोन सेकंद काही आले नाही की ‘आता थांबला’ असे समजून बफरमधले सगळे संदेश एकदम पुढे देणार आणि बफर पूलमध्ये परत टाकणार. दोन सेकंद थांबण्यामागे कारण होते. डेटाबेसमध्ये एकेक ओळ लिहिण्यापेक्षा गठ्ठ्याने लिहिणे स्वस्त पडते. लिहिणाऱ्याने विचार करूनच लिहिले होते, आणि कोड बराच काळ निमूट चाललाही.

अडचण

पावसाळ्यात सर्व्हर पहाटे पडू लागला. लॉगमध्ये शेवटी काहीच नाही, कंटेनर (सर्व्हर ज्या ठरलेल्या मेमरीच्या चौकटीत चालतो ती) १३७ हा कोड देऊन बंद. म्हणजे मेमरीची मर्यादा ओलांडली आणि कर्नलने, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) मारली. कंटेनर सांभाळणारा ऑर्केस्ट्रेटर ती लगेच पुन्हा सुरू करायचा, थोड्या वेळाने ती पुन्हा मरायची. दोन-तीन फेऱ्यांनंतर सकाळी आपोआप स्थिरावायची. त्यामुळे ऑफिसला माणसे येईपर्यंत सगळे ठीक दिसे.

याच प्रोसेसमध्ये आणीबाणीच्या बटणाचे संदेशही येत होते, आणि हे मला सगळ्यात गंभीर वाटले. नियमित नोंदींसाठी आणि आणीबाणीसाठी यंत्राला वेगवेगळे पत्ते देता येतात. इथे ते दिलेही होते, पण दोन्ही पोर्ट (सर्व्हरची संदेश घेण्याची दारे) एकाच प्रोसेसचे. पहाटेच्या बसमध्ये एखादीने बटण दाबले असते आणि नेमका सर्व्हर पडलेला असता, तर तो संदेश पोचायला किती वेळ लागला असता याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

दुसरे नुकसान दिसायला लहान होते. टीसीपी या इंटरनेटवरच्या संदेश पोचवण्याच्या पद्धतीत संदेश मिळाल्याची पोच कर्नल देतो. यंत्राला वाटते संदेश पोचला, ते आपली नोंद पुसून टाकते. पण संदेश अजून आपल्या बफरमध्येच असतो, डेटाबेसमध्ये नाही. त्या क्षणी प्रोसेस मेली तर ती नोंद जगात कुठेच राहत नाही. बफर जितका मोठा आणि जितका वेळ भरलेला, तितके हे नुकसान जास्त.

शोध

टीमचा पहिला संशय गोरूटीन गळतीवर, म्हणजे न संपणारी गोरूटीन साचत जाण्यावर, होता. टीमलीड म्हणाली, “सर, तुटलेली कनेक्शनं बंद होत नाहीयेत असं वाटतंय आम्हाला.” संशय रास्त होता, मोबाइल नेटवर्कवर अर्धवट मेलेली कनेक्शने नेहमीचीच. पण गोरूटीनची संख्या काढून पाहिली तर ती कनेक्शनांच्या संख्येशी जुळत होती आणि मेमरी चढत असताना तेवढीच राहत होती.

मेलेल्या प्रोसेसचे हीप प्रोफाइल (कोणत्या फंक्शनने किती मेमरी घेतली याचा तक्ता) मिळत नाही. म्हणून ठरावीक अंतराने प्रोफाइल डिस्कवर लिहून ठेवायची सोय केली आणि पुढच्या पावसाळी रात्रीची वाट पाहिली. सकाळी उत्तर समोर होते. वापरातली जवळजवळ सगळी जागा बफर वाढवणाऱ्या फंक्शनच्या नावावर, आणि वस्तूंची संख्या पाहावी तर थोडीशीच. थोड्या वस्तू, प्रचंड जागा.

मग हिशेब मांडला. ४०,००० नोंदी, प्रत्येकी अडीचशे बाइट, म्हणजे एक कोटी बाइट, साधारण १० एमबी. गो भाषेतला बफर भरला की साधारण दुपटीने वाढतो, म्हणजे ही भर १६ एमबीच्या बफरमध्ये बसते, आणि वाढताना जुना ८ एमबीचा तुकडाही क्षणभर जिवंत असतो. एखाद्या भागातला टॉवर पावसात बंद पडून पहाटे सुरू झाला की त्या भागातल्या सगळ्या गाड्या एकाच वेळी साठा ओतू लागतात. ओतताना दोन सेकंदांचा खंड पडत नाही, त्यामुळे ‘आता थांबला’ ही अट पुरी होत नाही आणि बफर वाढतच राहतो. प्रत्येक गाडीकडे पूर्ण ४०,००० नोंदी नसतात, पण शेकडो गाड्यांचे दोन-दोन, चार-चार एमबी एकदम लागले तरी पुरे.

इथवर निदान कोणीही केले असते. खरी मेख पुढे होती: लोंढा ओसरल्यावरही मेमरी का उतरत नाही?

सिंक-पूलला, म्हणजे गो भाषेतल्या तयार पूलला, बफरचा आकार कळत नाही. १६ एमबीपर्यंत फुगलेला बफर रिकामा करून परत टाकला तरी त्याची क्षमता १६ एमबीच राहते. पुढच्या वेळी तोच बफर अडीचशे बाइटच्या एका ओळीसाठी उचलला जातो. पाचशे पानांच्या पंगतीचा टोप दोन कप चहाला चुलीवर चढवावा, तसे. गार्बेज कलेक्टर (वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारा भाग) पूल साफ करतो खरा, पण गो १.१३ पासून ही सफाई दोन टप्प्यांत होते: पहिल्या फेरीत वस्तू बाजूला काढली जाते, दुसऱ्या फेरीपर्यंत कोणी उचलली नाही तरच टाकली जाते. सतत वाहतूक असलेल्या सर्व्हरवर ती कोणीतरी उचलतेच, वापरून परत ठेवते, आणि अवाढव्य बफर जिवंत राहतो. गो भाषेच्या विकासकांमध्ये या सापळ्याची जाहीर चर्चा झालेली आहे. भाषेच्या स्वतःच्या छपाईच्या पॅकेजमध्येही ६४ केबीपेक्षा मोठा झालेला बफर पूलमध्ये ठेवत नाहीत.

त्यातच कलेक्टरचा नेहमीचा नियम: मेमरी जिवंत हीपच्या (खरोखर वापरात असलेल्या मेमरीच्या) दुपटीपर्यंत पोचेपर्यंत पुढची फेरी नाही. कंटेनरची मर्यादा ४ जीबी. फुगलेल्या बफरांमुळे जिवंत हीप २ जीबीवर गेला की कलेक्टर ४ जीबीची वाट पाहतो, आणि त्याआधी कर्नल येऊन प्रोसेस मारतो.

शेवटचा दुवा आमच्यातल्या ऑपरेशन्सच्या मुलाने पकडला. प्रोसेस मेली की सगळ्याच गाड्यांची कनेक्शने तुटतात, घाटातल्या आणि शहरातल्याही. सर्व्हर परत येईपर्यंत त्या सगळ्या आपापल्या नोंदी साठवतात आणि कनेक्शन मिळताच साठा ओततात. म्हणजे आधी एका भागापुरता असलेला लोंढा पुनःसुरुवातीमुळे सगळ्या राज्याचा होत होता. दोन-तीन फेऱ्यांचे कोडे तिथे सुटले.

पर्याय

मेमरीची मर्यादा वाढवणे हा पहिला. पाच मिनिटांचे काम, पण मोठा लोंढा आला की तीही पुरणार नाही हे माहीत होते.

दुसरा, गो १.१९ मध्ये आलेली मेमरीची मऊ मर्यादा लावणे. तिने कलेक्टर मर्यादेजवळ आला की जास्त वेळा धावतो, आणि त्याच ओघात पूलही लवकर साफ होतो. मात्र लोंढ्यादरम्यान बफर खरोखरच वापरात असतात, तेव्हा कलेक्टर कितीही धावला तरी सोडवायला काही नसते. नुसता सीपीयू जातो.

तिसरा, पूलच काढून टाकणे. मला वाटते, हा पर्याय घेतला गेला त्यापेक्षा जास्त गांभीर्याने घ्यायला हवा होता. पूल हा मोजून घ्यायचा निर्णय आहे, आणि इथे तो का आहे याची मोजणी कुठेच नव्हती. टीमला मात्र भर लोंढ्यात कलेक्टरवर नवा भार नको होता.

चौथा, परत ठेवताना आकार पाहणे: ६४ केबीपेक्षा मोठा असेल तर पूलमध्ये न ठेवता सोडून देणे. तीन ओळींचा बदल.

पाचवा, आकारानुसार वेगवेगळे पूल. सुबक, पण इथे निरुपयोगी. संदेश सगळे सारख्याच लांबीचे होते. लांबी वाढत होती ती आपल्या वाचण्याच्या पद्धतीमुळे.

आणि सहावा, वाचण्याची पद्धतच बदलणे. कनेक्शनला ठरलेल्या मापाचा लहान बफर द्यायचा, त्यात एक संदेश पूर्ण झाला की लगेच पुढे द्यायचा, पुढची रांग भरली असेल तर वाचणेच थांबवायचे. वाचणे थांबले की कर्नलचा बफर भरतो, टीसीपीची खिडकी (आणखी किती पाठवायचे याची यंत्राला दिलेली मुभा) शून्यावर येते आणि यंत्राला पाठवणे थांबवावे लागते. नोंदी यंत्राच्या मेमरीत राहतात, जिथे त्या आधीपासून सुरक्षित होत्याच.

यावर एका तरुण इंजिनिअरने अगदी नेमका प्रश्न केला. “पण सर, मग कर्नल फुगेल ना? आपली मेमरी वाचेल आणि त्याची जाईल.” बरोबर आहे. लिनक्सवर एका कनेक्शनचा घेण्याचा बफर आपोआप ६ एमबीपर्यंत वाढू शकतो, आणि नव्या सीग्रूप व्यवस्थेत (कर्नल कंटेनरच्या मर्यादा मोजतो त्या) सॉकेटची, म्हणजे कनेक्शनसाठी कर्नलने घेतलेली, मेमरीही कंटेनरच्या हिशेबात धरली जाते. म्हणून या कनेक्शनांचा कर्नलमधला बफरही लहान मापाला बांधायचे ठरले. अडीचशे बाइटच्या संदेशांना मोठ्या खिडकीचा फारसा उपयोग नाही.

काय केले, कोणत्या क्रमाने

पहिल्या संध्याकाळी मर्यादा वाढवली, मऊ मर्यादा लावली आणि सर्व्हर सुरू होताना नवी कनेक्शने टप्प्याटप्प्याने स्वीकारायची व्यवस्था केली. रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांतल्या यंत्रांचे फर्मवेअर (आतला प्रोग्रॅम) बदलणे हातात नव्हते, पण दार किती उघडायचे हे हातात होते. यामुळे पडल्यावर पुन्हा पडण्याचे चक्र तुटले.

मग वाद झाला तो चौथ्या आणि सहाव्या पर्यायांत. टीमलीडचे म्हणणे, आधी तीन ओळींचा बदल जाऊ द्या, वाचण्याची पद्धत बदलणे जोखमीचे आहे, ते चाचणीनंतर. निर्णय तिचा होता आणि तिच्या जागेवरून तो समजण्यासारखा होता. बदल गेला. साध्या रात्री मेमरी उतरू लागली. पण पुढे जास्त गाड्यांची रेंज एकदम परतली तेव्हा प्रोसेस पुन्हा मेली. पूलमधला जुना मेद गेला होता, पण लोंढ्यातच फुगणाऱ्या बफरला अजून आवर नव्हता.

तेव्हा कोणीतरी सुचवले की बफर १ एमबीच्या पुढे गेला तर कनेक्शन तोडून टाका. हे करू दिले नाही ते बरे झाले. कनेक्शन तुटलेले यंत्र पुन्हा जोडले जाते, उरलेला साठा पुन्हा ओतू लागते, पुन्हा १ एमबी, पुन्हा तोडणे. तोडलेल्या प्रत्येक खेपेला पोच मिळालेल्या पण न लिहिलेल्या नोंदी वाया. इथे मर्यादेला ‘थांब, आहे तेवढे पुढे दे, मग वाच’ असाच अर्थ हवा होता.

शेवटी सहावा पर्याय लिहिला. ८ केबीचा कायमचा बफर, संदेशाला कमाल १ केबी, ताऱ्याच्या चिन्हापर्यंत वाचायचे आणि द्यायचे. गठ्ठा करणे डेटाबेसच्या अलीकडच्या रांगेत नेले, तिथे संख्येची आणि वेळेची दोन्ही बंधने घालून. पूल काढूनच टाकला. त्याची गरजच उरली नाही.

या बदलाच्या चाचणीत एक जुना, जास्त घातक दोष उघड झाला. पार्सर (संदेश फोडून माहिती वेगळी करणारा कोड) संदेशातली आयएमईआय आणि गाडीचा नंबर कॉपी न करता बफरमधल्याच बाइटांकडे बोट दाखवून पुढे देत होता. जुन्या पद्धतीत बफर पूलमध्ये परत जायचा तेव्हा पुढचा टप्पा सहसा आपले काम संपवून बसलेला असायचा, म्हणून सहसा बिघडत नसे. रांग मुद्दाम भरवली तेव्हा एका गाडीच्या नोंदीत दुसऱ्या गाडीचा नंबर दिसला. चेकसमने हे पकडले नाही, कारण तो वाचतानाच तपासून झालेला होता. रेस डिटेक्टर (एकच मेमरी दोन गोरूटीन एकाच वेळी हाताळतात का ते पकडणारे साधन) लावून चाचण्या चालवल्या आणि चाचणीच्या बिल्डमध्ये वापरून झालेला बफर एकाच ठरावीक बाइटने भरून टाकायला सुरुवात केली, म्हणजे उशिरा वाचणाऱ्याला लगेच कचरा दिसेल. त्यानंतर कोडमधली अशी प्रत्येक जागा सापडली.

पडलेला सर्व्हर निदान दिसतो. चुकीच्या गाडीच्या नावावर गेलेले ठिकाण दिसत नाही, आणि ते आणीबाणीच्या संदेशात झाले तर पोलीस भलत्याच रस्त्याला जातील. पुन्हा वापरलेल्या बफरचा हा स्वभाव जगाने २०१४ मध्ये पाहिला आहे. हार्टब्लीड या सुरक्षा-दोषात ओपनएसएसएल या इंटरनेटवरचा संपर्क सुरक्षित करणाऱ्या सॉफ्टवेअरने संदेशात सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवला आणि उत्तरात एका खेपेला ६४ केबीपर्यंत शेजारची मेमरी परत दिली. त्या मेमरीत इतरांचे जुने संदेश असत. ओपनएसएसएलने मोकळ्या बफरांची स्वतःची यादी ठेवली होती, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरी तपासण्यांनाही बगल मिळत होती. पूल ठेवला की बफर कोणाचा, कधीपर्यंत, आणि परत केल्यावर त्याला कोणीही हात लावणार नाही याची हमी कोण देणार, हे लिहूनच ठेवावे लागते.

इथे तोडगा साधा निघाला: कॉपी करा. अडीचशे बाइटची कॉपी डेटाबेसच्या एका लेखनासमोर खिजगणतीतही नाही. कॉपी वाचवल्याचा अभिमान टीममध्ये जुना होता, त्यामुळे एवढ्या साध्या बदलावर बरीच चर्चा झाली. मोजून दाखवल्यावर ती संपली.

आणीबाणीचे पोर्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये, वेगळ्या कंटेनरमध्ये नेले. हे मी पहिल्याच संध्याकाळी करायला सांगितले असते, आणि सांगितलेही होते. नियंत्रण कक्षाच्या परवानगीसाठी ते थांबले.

परिणाम

मेमरीचा आलेख आता जवळजवळ आडवा आहे. टॉवर परतला की सीपीयू थोडा चढतो, रांग भरते, उतरते. प्रोसेस मरत नाही. हिशेबही आता फळ्यावर मावतो: दहा हजार कनेक्शने, प्रत्येकी ८ केबी, म्हणजे ८० एमबीच्या आसपास, अधिक कर्नलचा वाटा, अधिक रांगेची कमाल लांबी. जुन्या पद्धतीत हाच गुणाकार १६ एमबीने केला तर १६० जीबी येत होते.

किंमतही मोजली. साठा ओतायला आता जास्त वेळ लागतो. काही यंत्रे जुन्या नोंदी आधी पाठवतात, ताजी मागाहून, त्यामुळे मोठ्या खंडानंतर त्या गाड्या नकाशावर काही काळ मागे दिसतात. ग्राहकांच्या तक्रारी आल्या. वाचून झालेल्या नोंदींत ‘एल’वाल्यांना पुढे काढायचे ठरले, पण यंत्राने अजून पाठवलीच नाही ती नोंद आपण पुढे कशी काढणार? नियंत्रण कक्षाला हे समजावून सांगितले आणि नकाशावर ‘शेवटची नोंद किती जुनी’ हे ठळक दाखवायला लागलो. एका बनावटीचे यंत्र खिडकी शून्यावर राहिली की स्वतःच कनेक्शन तोडते आणि काही नोंदी दुसऱ्यांदा पाठवते. आयएमईआय, वेळ आणि फ्रेम क्रमांक (संदेशाचा अनुक्रमांक) जुळवून त्या गाळल्या जातात.

वेगळे काय करता आले असते

४०,००० हा आकडा मानकात छापलेला होता. सर्व्हर लिहिताना तो संदेशाच्या लांबीने आणि गाड्यांच्या संख्येने गुणला असता तर दोन सेकंदांची अट पहिल्याच आढाव्यात अडली असती. आधीच्या लोड-चाचण्या फक्त ताज्या नोंदींच्या होत्या. हजारो गाड्या, प्रत्येकी दर काही सेकंदांना एक ओळ. आता चाचणीसाठी लिहिलेला सिम्युलेटर रात्रभर नोंदी साठवतो आणि सगळ्या कनेक्शनांवरून एकाच मिनिटात सोडतो. तो पहिल्या दिवसापासून असायला हवा होता.

तीन ओळींचा बदल आधी पाठवण्याबद्दल टीमलीडचे आणि माझे मत अजूनही वेगळे आहे. तिच्या मते त्याने श्वास घ्यायला वेळ मिळाला. माझ्या मते त्याच दिवशी आणखी एक लहान बदल जोडता आला असता: बफर ६४ केबीला पोचला की दोन सेकंदांची वाट न पाहता शेवटच्या ताऱ्याच्या चिन्हापर्यंतचे सगळे पुढे देणे. वाचण्याची पद्धत तीच राहिली असती, फुगण्याला आवर बसला असता आणि दुसऱ्यांदा सर्व्हर पडला नसता. बोट दाखवून पुढे देण्याचा दोष मात्र तेव्हा कदाचित झाकलेलाच राहिला असता, हे तिचे म्हणणे मला मान्य आहे.

एक प्रश्न टीमच्या यादीत उघडा आहे. १ केबीपर्यंत ताऱ्याचे चिन्ह आले नाही तर सध्या कनेक्शन तोडले जाते. काही यंत्रांचे फर्मवेअर रेंज तुटताना अर्धी ओळ सोडून देते आणि पुढची ओळ तिलाच चिकटवून पाठवते. अशा वेळी पुढच्या डॉलरच्या चिन्हापासून पुन्हा वाचायला सुरुवात करायची, की तोडायचे, यावर निरनिराळ्या बनावटींच्या नोंदी गोळा करणे चालू आहे.